कोचच्या जागी घागर

आमच्या सहकारी साखर कारखान्याच्या मैदानावर एक पाटी आहे, 'युवा फुटबॉल अकादमी व राखीव संघ'. पुण्याच्या एका व्यावसायिक क्लबशी कारखान्याने करार केला तेव्हा ती लागली. पोरी आम्ही तयार करायच्या, चांगली निघेल ती क्लबने नेऊन शिकवायची. मग दोन वर्षं पाऊस झाला नाही. ऊस नाही म्हणून धुराडं थंड, पगार नाही म्हणून कोच गहिनीनाथ सर घाटनांदूरला आपल्या घरी निघून गेले, आणि पहिला संघ पांगला. उरला राखीव संघ. तो आता कशासाठी राखीव आहे हे कुणालाच सांगता येत नव्हतं, म्हणून त्याला कोच म्हणून मला नेमलं.

चेअरमन आश्रुबाकाकांनी माझ्या नवऱ्याला विचारलं होतं, सूनबाई अंबाजोगाईच्या कॉलेजात फुटबॉल खेळायच्या ना? खेळायचे. तीन वर्षं संघात होते. त्या तीन वर्षांत प्रत्यक्ष मैदानावर अकरा मिनिटं होते, त्यातली चार बुटाची नाडी बांधण्यात गेली. बाकीचा वेळ बाकावर बसून दुसऱ्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळल्या. हे मी काकांना सांगितलं नाही. तान्ह्या चिमीला घेऊन घराबाहेर पडायला मला दुसरं निमित्त नव्हतं. कोचची शिट्टी माझ्यापेक्षा चिमीच्याच तोंडात जास्त असायची. तिला दात येत होते.

माझ्या संघात सरू होती. बारा वर्षांची, काटकुळी, पायाला भिंगरी लावल्यासारखी पळणारी. म्हणून मी तिला सगळ्यांत पुढे, गोल मारायला ठेवली होती. तिचे आईबाप ऊसतोडीला जाणारे. आमच्याकडे ऊस नव्हता, कर्नाटकात होता, आणि मुकादमाचा ट्रक शनिवारी निघणार होता. आदल्या दिवशी, शुक्रवारी दहा वाजता, क्लबचे वैजिनाथ सर पोरींचा आपसातला सामना बघायला येणार होते. जागा एकच. सरूला ती मिळाली तर पुण्याचं वसतिगृह आणि शाळा. नाही मिळाली तर ट्रक, आणि फडावर धाकट्या भावाला सांभाळणं.

आता पाण्याचं सांगते. टँकर तीन दिवसांनी यायचा, वेळ त्याच्या मनाची. घागरी आदल्या संध्याकाळपासून रांगेला लागायच्या. आमच्यात घागर म्हणजे माणूस. तुम्ही घरी भाकरी थापत असा, रांगेत तुमची घागर उभी आहे तोवर तुम्ही उभ्या. पण ती कलंडली, की नंबर गेला, पुन्हा शेवटी. आणि टँकरचा पाइप सुटला की मात्र घागरीपाशी माणूस लागतं. मैदानावर सरावाला मधे ठेवायला काही नव्हतं, म्हणून मी पोरींना या रांगेतूनच चेंडू न्यायला शिकवलं होतं. पोरी तयार झाल्या त्या माझ्या शिकवण्याने नाही, बायकांच्या शिव्यांनी.

शुक्रवारी पावणेदहाला टँकरचा हॉर्न वाजला. सरू बूट घालून आपल्या दोन घागरींपाशी उभी. तिची आई छबुबाई आणि बाप ताडपत्री घ्यायला केजला गेले होते, आणि पाण्याबिगर घरी येऊ नको असं सांगून गेले होते. मी म्हटलं, तू पळ, मी उभी राहते. यात मोठा त्याग वगैरे नव्हता. पुण्याचा माणूस दहा म्हणाला की अकराला येतो, असा माझा हिशोब होता. तोवर सरूचं पाणी भरून होईल, मग पाच नंबर मागे आमची घागर होती तीही भरेन, आणि सामना सुरू व्हायच्या आत मैदानावर हजर. माझे मैदानावरचे डावपेचही साधारण असेच असायचे.

दहाला पाच कमी असताना पांढरी जीप मैदानाकडे वळली.

रांगेतून मैदान दिसत नव्हतं, मधे कारखान्याची भिंत होती. दिसायची फक्त वर उठलेली धूळ. मी धुळीवरून सामना बघू लागले. लोट डावीकडे गेला की सरूची बाजू चढते आहे असं धरायचं. मागून नीलाबाई हसली. तिची बहीण माझ्याच कॉलेजात होती.

"काय गं, म्याच तिकडं अन् तू हिकडं. आजबी बाकावरच का?"

चिमीने शिट्टी वाजवली. रांगेतल्या सगळ्या हसल्या, मीही हसले. तेवढ्यात पाइप माझ्यापर्यंत आला. सरूच्या दोन्ही घागरी भरून मी मागे वळले, तर पाच नंबर मागे आमची घागर नव्हती. नीलाबाई म्हणाली, तुझ्याच पोरींनी उचलून नेली, मला वाटलं तूच सांगितलंस.

डोक्यावर एक, हातात एक आणि कडेवर चिमी अशी मी मैदानावर पोचले तेव्हा सामना संपला होता. रेषेपाशी, कोच उभा राहतो तिथे, आमची पितळी घागर उभी. शेजारी खुर्चीवर वैजिनाथ सर.

"या, सुंदरबाई," ते म्हणाले.

सुंदरबाई माझ्या सासूबाई. त्यांचं नाव घागरीवर कोरलेलं आहे. सरांनी आल्याआल्या कोच कुठायत म्हणून विचारलं, तर पोरींनी घागरीकडे बोट दाखवून सांगितलं होतं, ह्या काय, नंबर लावलाय त्यांचा.

मग त्यांनी सरूचं सांगितलं. चेंडू रेषेबाहेर चालला होता. जाऊ दिला असता तर फेकीचा चेंडू सरूच्याच बाजूला मिळाला असता. पण तो घागरीच्या रोखाने निघालेला. तर ही पोरगी पार समोरच्या गोलापासून पळत आली, आडवी पडली, आणि घागरीच्या वीतभर अलीकडे चेंडू अडवला. तो गेला दुसऱ्या बाजूच्या पायात, आणि त्यांनी गोल केला.

"तिला विचारलं, जाऊ द्यायचा ना बाई. तर म्हणली, म्याडमचा नंबर गेला असता."

सरू खाली मान घालून गुडघ्यावरची माती काढत होती. मला वाटलं, संपलं. वर्षभर मी त्या पोरीला घागर जपायला शिकवलं, फुटबॉल शिकवायचा राहून गेला.

"हिला पुढं कुणी ठेवली?" सरांनी विचारलं.

"मी."

"कावून?"

"पळते म्हणून."

"आडवायला पळती ती. मागं खेळायची पोरगी हाय ही. वर्षभरात दिसलं न्हाई तुमाला?"

मी म्हटलं, बाकावरून जेवढं दिसतं तेवढं दिसलं. सरांनी नाव लिहिलं. सरूचंच.

पण आईबापाची सही हवी होती. छबुबाई आणि तिचा नवरा एकच्या जीपने आले. तिने डोक्यावरची ताडपत्री उतरवली, आधी दोन्ही घागरींत डोकावून बघितलं, मग सरांचं सगळं ऐकून घेतलं. शाळा, जेवण, बूट. नवरा तिच्याकडे बघत होता. तिने एवढंच विचारलं,

"तितं पानी हाय का?"

"हाय."

"रोज?"

"रोज, बाई."

तिने सही केली. मग नवऱ्याने केली.

घरी मी रिकामी घागर घेऊन गेले. पुढचा टँकर सोमवारी. सासूबाईंनी ती पालथी घातली. संध्याकाळी छबुबाई एक भरलेली घागर घेऊन दारात. म्हणाली, आमी उंद्या निघालो, एवढं पानी काय ट्रकात न्यायचं. सासूबाईंनी ते गाळून घेतलं, पहिली वाटी चिमीला पाजली, आणि दिवसभराचं मनातलं तेव्हा बाहेर आलं.

"तुझ्यापरीस घागरीनं बरं कोचिंग केलं."

मी कबूल केलं. क्लबच्या फॉर्मवर कोचच्या रकान्यात सरांनी सौ. सुंदरबाई असंच लिहिलंय, हेही सांगून टाकलं. म्हटलं, सोमवारी फोन करून बदलून घेते.

"ऱ्हाऊ दे," सासूबाई म्हणाल्या, आणि चिमीच्या तोंडातून शिट्टी काढून पदराने पुसायला लागल्या.