ताईच्या हातचा

मित्रांनो, मी विमान आहे, पण मला इंजिन नाही. मी धूर सोडत नाही, आवाज करत नाही. वाऱ्याने उचललं तर वर जातो, नाहीतर हळूहळू खाली येतो. मला ग्लायडर म्हणतात. शिवणकामाच्या खोलीत दोन खुंट्यांवर मी आडवा टांगलेला असतो. आता मी जुना झालो आहे. माझा नारंगी रंग विटला आहे आणि नाकाला दोनदा नवं लाकूड बसलं आहे. पण माझी गोष्ट सांगायची तर ताईच्या हातांपासूनच सांगायला हवी.

ताईने चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले. तिच्या हातचा कोट अंगात घातला की वाकून चालणारा माणूससुद्धा ताठ चालतो, असं गिऱ्हाइकं म्हणत. मग तिच्या हातांना कंप सुटला. आधी उजव्या, मग डाव्या. सुईत दोरा जाईना. एक दिवस भारी कापडावर कात्री तिरपी गेली, आणि पुढच्याच आठवड्यात ताईने दुकानाची पाटी उतरवून घरी आणली. डॉक्टरांनी सांगितलं, हा कंप जिवावर बेतणारा नाही, पण जाणाराही नाही. ताईने चहा अर्धा कप घ्यायला सुरुवात केली, म्हणजे सांडायला नको. पाहुणे आले की ती हात पदराखाली ठेवी.

तिची धाकटी बहीण तिच्याबरोबरच राहते. ती शहरबस चालवते आणि घरातही बस चालवल्यासारखंच मोठ्याने बोलते. तिनेच मला एका लांबट खोक्यातून घरी आणलं. तेव्हा मी म्हणजे बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाच्या पट्ट्या, शेपटी वळवायला दोन चिमुकल्या मोटरी, त्या चालवायचा रिमोट आणि घडी घातलेला एक मोठा कागद, एवढाच होतो.

"मी काय लहान मूल आहे?" ताई म्हणाली. "खेळणी कसली आणतेस?"

"खेळणं नाही गं. आकाशात उडतं ते. जोडून तर बघ."

"या हातांनी?"

धाकटीने खोकं शिवणयंत्राखाली सरकवून ठेवलं.

तीन आठवडे मी तिथेच पडून होतो. मग एका दुपारी ताईने सहज तो कागद उलगडला. त्यावर माझा पंख खऱ्या मापाचा आखलेला होता. ताई बघतच राहिली. "हे तर कपडे बेततात तसं कागदी कटिंग आहे," ती स्वतःशीच म्हणाली. पंखाच्या फासळ्या कागदावर टाचण्यांनी टाचायच्या आणि मग डिंकाने जोडायच्या. टाचण्या तर ताईकडे डबाभर होत्या. तिने कापडाची एक छोटी उशी शिवली, तीत वाळू भरली आणि मनगट तिच्यावर टेकवून काम सुरू केलं. टाके वाकडे पडले, ते चालले. वाकड्या शिवणीला कोण नावं ठेवणार होतं? शेवटी उशीच तर होती ती.

महिनाभरात माझे दोन्ही पंख तयार झाले. ताईने ते टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि तिचा चेहरा उतरला. मित्रांनो, माझे दोन्ही पंख डावे होते! कागदावर एकाच बाजूचा पंख काढलेला होता. दुसऱ्यासाठी कागद उलटा करून घ्यायचा होता, आणि ते ती विसरली होती.

धाकटी कामावरून आली तेव्हा ताई खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

"काय झालं गं?"

"शिकाऊ होते तेव्हा पहिल्याच सदऱ्याला मी दोन्ही बाह्या डाव्या लावल्या होत्या," ताई म्हणाली. "म्हणजे हे हातांमुळे नाही झालं. हा माझा जुनाच वेंधळेपणा आहे!"

ती असं कितीतरी महिन्यांनी हसत होती. एक पंख तिने मोडीत काढला आणि नव्याने उजवा बांधला.

मग मला प्लास्टिकचा रंगीत पापुद्रा चढवायचा होता. तो इस्त्रीने चिकटवतात आणि तापला की तो आक्रसून ताणला जातो. इस्त्री म्हणजे ताईचं राज्य. एकही सुरकुती राहिली नाही. बोटाने टिचकी मारली की माझा पंख डफासारखा वाजायचा.

गावाबाहेरच्या टेकडीवर काही हौशी माणसं विमानं उडवायला येत. त्यांत एक लिफ्ट दुरुस्त करणारे होते. सगळे त्यांना लिफ्टवाले काका म्हणत. त्यांनी मला पंखांखाली दोन बोटांवर तोललं. माझी शेपटी धपकन खाली गेली.

"नाक हलकं आहे, ताई. असं सोडलं तर हा आधी वर बघेल आणि मग आपटेल. नाकात वजन घाला."

ताईने पिशवीतून मशीनच्या, दोरा गुंडाळायच्या लोखंडी बॉबिन काढल्या आणि एकेक करून माझ्या नाकात भरल्या. सातव्या बॉबिनला मी सरळ तोलला गेलो. काका म्हणाले, "झालं. आता रिमोटची दांडी हलवून शेपटी नीट वळते का तेवढं बघून घ्या." आणि त्यांना कुणीतरी हाक मारली म्हणून ते गेले.

शेपटी वळत होती, हे ताईने पाहिलं. कुठल्या बाजूला वळत होती, ते काही पाहिलं नाही. धाकटीने मला फेकलं. ताईने दांडी डावीकडे नेली, मी उजवीकडे वळलो. तिने आणखी डावीकडे नेली, मी आणखी उजवीकडे. शेवटी मी एका काटेरी झुडपात जाऊन बसलो.

"मी डावीकडे म्हणतेय आणि हा उजवीकडे जातोय!"

"अगदी तुझ्यावर गेलाय," धाकटी काटे काढत म्हणाली.

फाटलेला पंख दुरुस्त झाला. रिमोटमधली दिशा उलटी करून घेतली. पण खरी अडचण पुढच्या वेळी समोर आली. ताईच्या हातांचा कंप दांडीत उतरला, दांडीतून माझ्या शेपटीत, आणि मी आकाशात डुगडुगायला लागलो. खाली कुणीतरी हसलं. त्या माणसाला बिचाऱ्याला काही ठाऊक नव्हतं. ताईने रिमोट धाकटीच्या हातात दिला.

"तू उतरव. ज्याच्यामुळे दुकान बंद केलं, ते इथेही आलंच."

त्यानंतर मी कपाटावर गेलो. माझ्यावर एक बॅग आली, तिच्यावर दुसरी. पंखाला पीळ पडला, धूळ साचली. वर्ष गेलं. मला वाईट वाटायचं, पण बॅगांचं नाही. खालच्या खोलीतून मशीनचा, कात्रीचा, कसलाच आवाज येईनासा झाला होता, त्याचं वाटायचं.

एके दिवशी लिफ्टवाले काका धाकटीच्या बसमध्ये चढले.

"काय हो, तुमचा तो नारंगी कुठाय? दिसला नाही वर्षभर."

धाकटीने गाडी चालवता चालवता सगळं सांगितलं. काकांचा स्टॉप मागे गेला तरी ते ऐकत उभे होते.

"एवढंच? आधी बोलायचं ना!"

ते दुसऱ्याच दिवशी घरी आले. ताईने हात पदराखाली घेतले. काकांनी तिकडे पाहिलंही नाही. त्यांनी रिमोट उघडून बसल्या बसल्या काहीतरी बदललं आणि म्हणाले, "आता दांडी मधल्या जागी थोडीफार हलली, तर यंत्र ते मनावर घेणार नाही. ठरवून हलवलीत तरच ऐकेल. पुष्कळ जण असं करून घेतात, ताई. माझंसुद्धा तसंच आहे."

"तुमचे हात तर चांगले आहेत."

"हात चांगले आहेत. घाबरतो ना मी!"

ताई पहिल्यांदा त्यांच्याकडे बघून हसली. मग मला खाली उतरवून तिने पंखाला उलटा पीळ दिला आणि इस्त्री फिरवून तो सरळ केला. गळ्यात अडकवायचा एक पट्टाही तिने शिवला, जाड अस्तर लावून, म्हणजे रिमोटचं वजन हातांवर यायला नको.

टेकडीवर त्या दिवशी चांगला वारा होता. उतारावर आदळून तो सरळ वर चढत होता. धाकटीने मला फेकलं आणि डोळे मिटून घेतले. मी थोडा खाली गेलो, मग वाऱ्याने मला उचललं. ताईने दांडी डावीकडे नेली. मी डावीकडे वळलो. एक घार माझ्या शेजारी आली, तिने मला नीट न्याहाळलं आणि निघून गेली. मी वरून पाहिलं, ताईचे हात थरथरत होते. मी थरथरत नव्हतो.

अकरा मिनिटं मी वर होतो. मग ताई ओरडली, "अहो, पण उतरवायचं कसं? ते मला कुणी सांगितलंच नाही!" काका सांगेपर्यंत मी गवतात नाक खुपसून पडलो होतो. धाकटी धावत आली, पण तिने मला उचललं नाही. ती आधी ताईच्या गळ्यात पडली. मला मुळीच राग आला नाही.

त्या गोष्टीला बरीच वर्षं झाली. दुकानाची पाटी पुन्हा लागली नाही, पण टेकडीवरच्या निम्म्या विमानांना आज ताईनेच इस्त्री केलेले पंख आहेत. चहा ती भरलेल्या कपातून पिते. सांडला तर सांडतो.

मित्रांनो, मला जपायचं म्हणाल तर फार काही लागत नाही. मला उन्हात तापलेल्या गाडीत कोंडू नका आणि उडवण्याआधी माझी शेपटी कुठे वळते ते बघा. पण तुमच्या घरात कुणाचे हात थरथरत असतील, तर त्यांच्या हातातलं काम काढून घेण्याची घाई करू नका. ते काम त्यांच्या हातांना बेतून देता येतं का, ते आधी बघा. थोडी खटपट करावी लागते, पण बहुतेक वेळा जमतं.

बाहेर झाडं हलायला लागली आहेत. धाकटी दारातूनच ओरडते आहे, "ताई, वारा सुटलाय, चल लवकर!" ताई चपला शोधते आहे. मला निघायला हवं.