सफेद्याखालची सावली

"मोरोपंत, खरं सांगा. बाटली कुठली उघडली होती?" डॉक्टर भगवंतरावांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"देवाशपथ साहेब, चिठ्ठीत होती तीच. दुसऱ्या बाटलीला मी बिल्कुल हात लावला नाही," कंपाउंडर मोरोपंत म्हणाले.

मानाजी चितारी कोपऱ्यात भिंतीला चिकटून उभा होता. पडद्यापलीकडे खाटेवर बकुळाबाई होती, डाव्या डोळ्यावर पट्टी बांधलेली. चार दिवसांपूर्वी मोरोपंतांनी त्या डोळ्यात थेंब घातले आणि संध्याकाळपर्यंत डोळा लालबुंद झाला. कपाळात कळा, ओकाऱ्या. काचबिंदू उसळला होता. निरोप पोचून डॉक्टर इंदूरहून येईपर्यंत त्या डोळ्याची नजर गेली होती.

डॉक्टर देवासला महिन्यातून एकदाच येत. एरवी रोग्यांचे डोळे ते कागदावर बघत, आणि कागदावर उतरवायचं काम दरबारी चितारी म्हणून मानाजीकडे आलं होतं. रीत सोपी होती. अंधाऱ्या खोलीत रोग्याच्या कानशिलाकडून दिवा धरायचा. उजेड बुबुळावरून पार नाकाच्या बाजूपर्यंत पोचला, तर डोळ्यात पुढे जागा मोकळी आहे. नाकाकडे सावली पडली, तर जागा अरुंद. अशा डोळ्यात बाहुली मोठी करणारे थेंब घातले की काचबिंदूचा धोका. "दिसेल तेच काढा," एवढंच डॉक्टरांनी बजावलं होतं.

आता दिसेल तेच काढणं मानाजीला जन्मात जमलं नव्हतं. देवासात थोरली पाती आणि धाकटी पाती असे दोन दरबार, आणि दोन्हीकडच्या सरदारांना त्याने तसबिरीत देवाने घडवलं त्याहून बरं करून ठेवलं होतं. चाळीस वर्षांत कुणाच्या डोळ्यात त्याने सावली राहू दिली नाही. राहिली की तसबीर परत येई.

बकुळाबाई दरबारची जरीकाम करणारी. सुईत दोरा ओवता येईना म्हणून दवाखान्यात आली. मोतीबिंदू आहे का ते बघायचं तर बाहुली मोठी करायला हवी होती. मानाजीने दिवा धरला तेव्हा नाकाकडे काळसर कोर त्याला स्वच्छ दिसली. डाव्या डोळ्याला ती त्याने काढलीही.

"मानाजीभाऊ," बकुळाबाई तेवढ्यात म्हणाली, "माझी तसबीर पहिल्यांदाच कुणी काढतंय. जरा बरी काढा हं."

"फिकर नको," म्हणत तो हसला आणि त्याचा हात सवयीने पांढऱ्या सफेद्याच्या वाटीत गेला. डाव्या डोळ्यातली कोर झाकली गेली. उजव्या डोळ्याला तर त्याने सावली दिलीच नाही. चित्र पाहून बकुळाबाई लाजली होती. डॉक्टरांनी ते इंदूरला पाहिलं आणि लिहून पाठवलं, डोळे मोकळे आहेत, डाव्यापासून सुरुवात करा.

"चित्रात दोन्ही डोळे साफ आहेत," डॉक्टर कागद टेबलावर ठेवत म्हणाले. "म्हणजे चूक औषधाची. मोरोपंत, किल्ल्या ठेवा आणि घरी जा."

मोरोपंतांनी कमरेच्या किल्ल्या सोडल्या. "मानाजी भिया, तुम्ही तरी बोला," ते मानाजीकडे वळून म्हणाले. "तुमच्यासमोरच उघडली ना बाटली?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मानाजीला झालं. चार दिवस तो गप्प बसला होता, आणि आज हा सरळ माणूस चोरासारखा उलटतपासणीला तोंड देत होता. म्हाताऱ्या मानाजीला स्वतःची किळस आली. त्याने कागद उचलला, खिडकीच्या उजेडात धरला.

"साहेब, इथं बघा. सफेद्याखाली." पांढऱ्या रंगाआड करडी कोर दिसत होती. "मला दिसली होती. मी पुसली. उजव्यात काढलीच नाही. मोरोपंतांचा कसूर नाही."

डॉक्टरांनी दिवा उचलला, पडदा सारला आणि बकुळाबाईचा उजवा डोळा पाहिला.

"हाही तसाच अरुंद आहे," ते म्हणाले. "आणि मी तर कागदावर विसंबून परत निघालो होतो. आता याला फार जपावं लागेल. पंधरा दिवसांनी एक चित्र मला यायला हवं. दुसरा चितारी बघा."

"धारला एक आहे, साहेब. मी नाव देतो," मानाजी पुटपुटला.

"कशाला?" खाटेवरून आवाज आला.

बकुळाबाईने सगळं ऐकलं होतं. ती खाटेवर उठून बसली. तिच्या आवाजात माया नव्हती.

"यांना अक्कल यायला माझा एक डोळा लागला," ती म्हणाली. "धारवाल्याला शिकवायला माझ्याजवळ जास्तीचा नाही. यांनाच काढू द्या."

डॉक्टरांनी मोरोपंतांच्या हातात किल्ल्या परत दिल्या. मोरोपंतांनी खिडक्या लावून घेतल्या आणि दिवा तिच्या कानशिलाजवळ धरला. बकुळाबाईने पदर मागे सारला. मानाजी समोरच्या तिवईवर बसला, कागद मांडीवर घेतला. त्या डोळ्यात पाहिल्यावाचून चित्र निघणार नव्हतं, आणि तेवढं धैर्य गोळा करायला त्याला बराच वेळ लागला. तोवर ती पापणी न हलवता बसून राहिली.