आधी चहा, मग कारण

बोट लावायच्या आधी जरा ऐकून घ्या, मित्रांनो. मी एक जुनं लाल बटण आहे. लाल म्हटलं की तुम्ही दचकता, हे मला ठाऊक आहे. सिनेमावाल्यांनी आमच्या घराण्याची पार बदनामी करून ठेवली आहे. त्यांच्या गोष्टीत लाल बटण दाबलं की शहरंच्या शहरं उडतात. अहो, मी आजवर एक साधं रॉकेटसुद्धा उडवलेलं नाही. मी ते थांबवतो. उडवणारी बटणं शेजारच्या टेबलावर असतात. ती हिरवी आहेत, गुळगुळीत आहेत आणि फोटोत छान येतात.

माझा मुक्काम उड्डाण नियंत्रण कक्षात असतो. नाव भारदस्त आहे, पण ही एक लांबट खोली आहे. टेबलांच्या रांगा, प्रत्येकाच्या कानाला हेडफोन आणि कोपऱ्यात चहाचं मशीन. बाहेर बघायला खिडकी नाही. रॉकेट दिसतं ते पडद्यावर. मागच्या बाजूला मोठी काच आहे आणि काचेपलीकडे पाहुण्यांच्या खुर्च्या. पाहुणे रॉकेट बघायला येतात आणि आमच्या पाठी बघून जातात.

माझा जन्म याच आवारातल्या वर्कशॉपमधला. एका लेथवाल्याने मला घडवलं आणि खोलीच्या पहिल्या प्रमुख बाईंनी त्याचा जीव नकोसा केला. "फार हलकं केलंस तर कुणाचं कोपर लागून दबेल. फार जड केलंस तर घाबरलेल्या माणसाच्याने दबणार नाही," असं त्या म्हणायच्या. तो बिचारा स्प्रिंग बदलायचा, बाई अंगठ्याने दाबून बघायच्या आणि नुसती मान हलवायच्या. शेवटी एकदा माझ्यातून 'खट्' असा खणखणीत आवाज आला. तो खोलीच्या पार टोकाला ऐकू गेला. बाई म्हणाल्या, "हं, आता याला वाचा फुटली." लेथवाल्याने हात जोडले. मला वाटतं, बाईंना जोडले.

या बाईंना सगळे पाठीमागे 'थांबाबाई' म्हणत आणि ते त्यांना माहीत होतं. माझ्याविषयी त्यांनी एक रीत घालून दिली होती. ती नीट लक्षात ठेवा, कारण माझी सगळी कहाणी त्या रीतीची आहे. पोटात गोळा आला की खोलीतल्या कुणीही मला दाबावं. परवानगी मागू नये. माझा आवाज आला की बाकीच्या सगळ्यांनी टेबलावरचे हात काढून उभं राहायचं, कारण घाबरलेल्या माणसाचे हात काहीतरी उपद्व्याप करतातच. मग सगळ्यांनी चहा प्यायचा. दाबणाऱ्याचा कप बाई स्वतः भरायच्या. आणि कप रिकामे झाल्यावरच त्याला विचारायचं, "का रे बाबा, का दाबलंस?"

एकदा तर फार गंमत झाली. इंधनाच्या नळ्या सांभाळणारा एक इंजिनिअर होता. त्याला सगळ्यात शंका यायची. सकाळी घराला कुलूप लावून परत बघून यायचा आणि बसमध्ये बसल्यावर पुन्हा शंका यायची. त्याचं नाव पडलं शंकासुर. हवामानाचा उपग्रह निघाला होता, काचेपलीकडे मंत्रिमहोदय बसले होते आणि शंकासुराला त्याच्या मीटरचा काटा थरथरताना दिसला. त्याने मला दाबलं. खट्! सगळी खोली उभी राहिली. मंत्रीही ताडकन उभे राहिले. त्यांना वाटलं, राष्ट्रगीत आहे.

चहा झाला. मग शोध लागला की शंकासुराचा स्वतःचाच गुडघा घाबरून टेबलाला थडथड आपटत होता आणि त्यामुळे काटा हलत होता. रॉकेट धडधाकट होतं! मंत्र्यांच्या सचिवांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "याच्यावर कारवाई करा," ते बाईंना म्हणाले. बाई म्हणाल्या, "करते की. मग पुढच्या वेळी खरंच आग दिसली तरी कुणी हे बटण दाबणार नाही. तेव्हा तुम्ही येऊन बसा इथे." सचिव आले नाहीत. शंकासुराला दुसऱ्या दिवशीही सगळ्यांसारखाच चहा मिळाला, फक्त त्याच्या गुडघ्याखाली कुणीतरी उशी बांधून ठेवली होती.

ते माझे मानाचे दिवस होते. मग धोरण बदललं.

मित्रांनो, सरकारी धोरण ही काय चीज आहे ते मी टेबलावर बसल्या बसल्या शिकलो. जुनं धोरण म्हणत होतं, अवकाश देशाचं आहे, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. नवं धोरण म्हणालं, अवकाश सगळ्यांचं आहे, आम्ही हात लावणार नाही. दोन्हींच्या कव्हरवर रॉकेट मात्र तेच होतं. आमची खोली, खुर्च्या, माणसं आणि मी असे सगळे एका कंपनीच्या पदरात पडलो. थांबाबाई त्याच सुमारास निवृत्त झाल्या. जाताना त्यांनी मला अंगठ्याने हलकेच चोळलं, पण दाबलं नाही. उगाच सगळ्यांना उभं करायचं त्यांच्या मनात नसावं.

कंपनीच्या मालकांना आम्ही 'शेठ' म्हणायचो. ते स्वतः मात्र "मला मालक म्हणू नका, आपण सगळे एक कुटुंब आहोत," असं सांगायचे. कुटुंबातल्या बऱ्याच जणांना त्यांनी पुढच्याच महिन्यात घरी पाठवलं. शेठना चंद्रावर हॉटेल बांधायचं होतं. आमच्या खोलीच्या छतातून एसीचं पाणी टपकायचं, त्याखाली बादली ठेवलेली असायची. शेठ त्या बादलीला वळसा घालून चंद्राबद्दल बोलायचे. दुरून डोंगर साजरे म्हणतात, चंद्र तर फारच दूर आहे. आणि एक गोष्ट मला आजही उमगलेली नाही. ज्यांना पृथ्वी सोडून जायची सगळ्यात जास्त घाई आहे, त्यांनाच पृथ्वीवरचं सरकार करात सवलत का देतं? म्हणजे लवकर जावेत म्हणून का?

शेठना मी आवडलो नाही. त्यांचं म्हणणं, थांबणं ही जुन्या लोकांची मानसिकता आहे. एके सकाळी दोन वायरमन टेबलाखाली शिरले आणि माझी तार कापून गेले. मला जागेवरून काढलं नाही, कारण मी व्हिडिओत शोभून दिसत होतो. उलट माझ्याखाली 'आमचा वारसा' अशी पितळी पट्टी बसवली. माझ्या जागी पडद्यावर एक चौकोन आला. त्याला बोट लावलं की तो विचारायचा, तुम्हाला खात्री आहे का? मग विचारायचा, कारण निवडा. मग सांगायचा, तुमचा पासवर्ड संपला आहे. बरं, माझी तार कापल्याचं खोलीत कुणाला नीट सांगितलंही नाही. नवीन खुर्च्या, नवीन लोगो आणि नवीन घोषवाक्य यांच्या निरोपात ते कुठेतरी एका ओळीत होतं. अशा निरोपांना सगळे न वाचताच अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळे होतात. तेव्हा मी मेलेलो होतो आणि टेबलांवरच्या कुणालाच ते ठाऊक नव्हतं.

अशात माणूस घेऊन जाणारं पहिलं उड्डाण ठरलं. जाणार होती ती चिमणी. ही आमच्याच खोलीतली, शंकासुराच्या शेजारच्या टेबलावर वाढलेली. अंगाने लहानखुरी म्हणून चिमणी, तोंडाने मात्र तोफ. थांबाबाईंच्या हाताखाली शिकली, शंकासुराशी रोज भांडली आणि रोज त्याच्या डब्यात हात घातला. पुढे ती वैमानिक झाली. तिची निवड झाल्याचं कळलं तेव्हा शंकासुर म्हणाला, "गेली ना बया एकदाची, आता डबा पुरेल." आणि तोंड फिरवून चष्मा पुसत बसला.

उड्डाणाच्या सकाळी काचेपलीकडे गर्दी उसळली होती. मंत्रिमहोदय होते आणि रॉकेट सुटताच ते आणखी एक नवं धोरण जाहीर करणार होते. शेठ होते, त्यांचं थेट प्रक्षेपण जगभर चाललं होतं. आणि शेवटच्या खुर्चीवर, हातात काठी घेऊन, चिमणीने आग्रहाने बोलावलेल्या थांबाबाई होत्या. उड्डाणाची सूत्रं शेठनी नेमलेल्या नव्या प्रमुखाकडे होती.

शंकासुराच्या पडद्यावरची रेघ सरळ होती. कंपनीच्या संगणकाला रेघा गुळगुळीत करून दाखवायची आवड होती, बघणाऱ्याला बरं वाटतं म्हणे. पण आपला जुना काट्याचा मीटर त्याने हट्टाने ठेवून घेतला होता. तो काटा थरथरत होता.

त्याने आधी स्वतःच्या गुडघ्याकडे बघितलं. दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवले. मग टेबल दोन्ही हातांनी दाबून धरलं. काटा थरथरतच राहिला. पडद्यावर रॉकेट वाफा सोडत उभं होतं आणि त्याच्या टोकाशी चिमणी पट्ट्यांत बांधलेली होती. शंकासुराने माझ्याकडे बघितलं.

मित्रांनो, त्याचा अंगठा खाली येताना दिसला आणि मला ओरडावंसं वाटलं. अरे वेड्या, माझी तार तुटलीय! त्या पडद्यावर जा, पासवर्ड आठव, काहीतरी कर, माझ्यावर विसंबू नकोस! पण बटणाला एकच शब्द येतो आणि तोही दुसऱ्याने दाबल्यावर. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही, पण मी मात्र त्या क्षणी घाबरलो होतो.

खट्!

दिवा लागला नाही. भोंगा वाजला नाही. घड्याळ तसंच उलटं पळत राहिलं. मला वाटलं, संपलं.

आणि मग खुर्च्या मागे सरकल्याचा आवाज आला. पहिल्या रांगेतली हवामानवाली उभी राहिली. मग विजेच्या टेबलावरचा जाड्या. मग सगळेच. प्रत्येकाने हात टेबलावरून उचलले होते. कुणी कुणाकडे बघितलंही नव्हतं.

"बसा! खाली बसा!" नवा प्रमुख किंचाळला. "ते बटण जोडलेलंच नाहीये! नुसतं शोभेचं आहे ते!"

कुणी बसलं नाही. काचेपलीकडे काठीचा आधार घेत एक म्हातारी बाई हळूहळू उभी राहिली. मंत्री या वेळी बसूनच राहिले, त्यांना मागचा अनुभव होता.

आता यातली खोच अशी, की शेवटच्या टप्प्यात प्रत्येक टेबलावरून 'तयार' अशी कळ दाबावी लागते. कंपनी ती पद्धत पुढच्या अपडेटमध्ये काढणार होती. अजून काढली नव्हती. संगणक एकेकाच्या 'तयार'ची वाट बघू लागला. हात वर असलेली माणसं कळ कशी दाबणार? घड्याळ थांबलं.

हेडफोनमधून चिमणीचा आवाज आला. "खट् ऐकलं मी. शंकासुरा, तूच ना?"

"मीच."

"गुडघा बघितलास?"

"बघितला गं बाई. दोन्ही बघितले."

"मग ठीक. उतरवा मला. आणि माझाही चहा ठेवा."

शेठ आत धावत आले. थेट प्रक्षेपणावर अख्खं जग त्यांच्या कर्मचाऱ्यांना उभं राहून चहा ओतताना बघत होतं. "कारण काय? आत्ताच्या आत्ता कारण सांग! मी मालक आहे!" कुटुंबाचं काय झालं कोण जाणे. शंकासुराने कप उचलला आणि म्हणाला, "चहा झाल्यावर सांगतो."

तो कप थांबाबाईंनी भरला होता. पहारेकऱ्याने अडवलं तेव्हा त्यांनी काठी दाखवली असं नंतर कळलं.

दुपारी रॉकेटवर चढलेल्या माणसांना इंधनाच्या नळीच्या एका जोडावर तडा सापडला. वर जाताना तो जोड फुटलाच असता, असं त्यांनी सांगितलं. चिमणी राहिली नसती. हे ऐकून शंकासुर कोपऱ्यात जाऊन ढसाढसा रडला आणि चिमणीने त्याला डबा मागितला.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. शेठ म्हणाले, हे आमच्या कंपनीच्या सुरक्षा संस्कृतीचं यश आहे. सरकारने समिती नेमली. समितीने उभं राहण्याचा कमाल कालावधी आणि चहाचं प्रमाण यांवर मार्गदर्शक तत्त्वं सुचवली. आणि शेठनी ठरवलं की मला काढून, घासूनपुसून, काचेच्या पेटीत संग्रहालयात ठेवायचं. वायरमन मला उचकटायला आले तेव्हा खोलीतले सगळे पुन्हा उभे राहिले, हात वर. "हे गेलं तर आम्ही बसणार नाही," हवामानवाली म्हणाली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळे तसेच उभे होते. शेवटी वायरमननी माझी तार जोडली. पितळी पट्टी मात्र शंकासुराने स्वतः स्क्रू काढून बादलीत टाकली.

म्हणून मी तुमच्याकडे दया मागत नाही, मित्रांनो. मला हार नको, पेटी नको आणि वारसा तर मुळीच नको. तुमच्या घरात, शाळेत, कामाच्या जागी 'थांबा' म्हणणारं कुणीतरी असेल. ते दहादा चुकेल. त्याच्या गुडघ्याला हसा, खुशाल हसा. पण त्याचा चहा बंद करू नका. आणि कितीही मोठा शेठ 'बसा' म्हणून ओरडला तरी, त्याने दाबलं की उभे राहा.

चिमणी दुसऱ्यांदा निघाली, त्याच्या आदल्या दिवशी ती आमच्या खोलीत आली. सरळ माझ्यापाशी येऊन उभी राहिली आणि कुणाला न विचारता तिने मला दाबलं. खट्! दिवा लागला, भोंगा वाजला आणि सगळी खोली हात वर करून उभी राहिली.

"बसा रे बसा," ती हसत म्हणाली. "चालतंय का ते बघत होते नुसती."

"ते नंतर सांग," शंकासुर कप आणायला जात म्हणाला. "आधी चहा."