पडद्यावरची गिट्टी

“मशीन तिकडं बंद हाय, मंग हितं कशी चालून राहिली?” कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत भीमराजने विचारले.

शिवप्रसाद हसला. इंजिनिअर झाल्यावर त्याने आपल्या काकाच्या, रामकिशन शेठच्या, शिरड शहापूरजवळच्या खडी क्रशरची हुबेहूब नक्कल कॉम्प्युटरवर उभी केली होती. पडद्यावर दगड जबड्यात पडत, भरडून चाळणीवर जात आणि दिवसाला किती गिट्टी निघायला हवी ते समोर येई. गोम एवढीच, की पडद्यावर गिट्टी जास्त निघे आणि आवारात कमी.

मग उरलेली जाते कुठे? क्रशर पहिल्यापासून भीमराजच चालवत होता. शेठच्या संशयाला तेवढे पुरले.

“गिट्टी कोनाला विकून राहिला?”

“कोनालाच न्हाई, शेठ.”

“मंग बेल उचल.”

शेठने औंढ्याच्या देवळातून बेलाची पाने आणवली होती. बेल उचलून सांगितले, की माणूस खरा. गिट्टी वाहणाऱ्या टिपरवाल्या थावराने उचलला आणि तो सुटला. भीमराजने मात्र हात मागे घेतला.

“आमी बौद्ध मान्सं. बापानंच हे समदं सोडलं. माझा शब्द बास न्हाई का?”

“चोराच्या मनात चांदणं!” शेठ म्हणाला.

घरी बायको, सोजराबाई, करवादली, “उचलला असता तर हात झडला असता का? लेकराच्या पोटाकडं तरी बघा.” भीमराजला तिचा राग आला. ती खोटे बोलत नव्हती, म्हणून जास्तच आला.

दुसऱ्या दिवशी शिवप्रसादने क्रशर उघडायला लावला. जबड्याच्या प्लेटा झिजून पार गुळगुळीत झालेल्या; दगड पुरेसा भरडलाच जात नव्हता.

“काका, प्लेटा नव्या टाकल्या म्हणाला होतात ना?”

शेठ नुसता खाकरला. स्वस्तात मिळालेल्या जुन्या प्लेटा त्याने बसवल्या होत्या आणि पुतण्यापुढे नव्या म्हणून मिरवल्या होत्या. कॉम्प्युटर बिचारा भोळा. त्याने शेठचा शब्द बेल न मागता खरा मानला.

“जाऊ दे भीमराज, कर चालू. काल बेल उचलला असता तर यवढं रामायणच झालं नसतं.”

“करतो शेठ. पर आधी या समद्यासमोर म्हना, भीमराज चोर न्हाई.”

शेठने पुतण्याकडे पाहिले, थावराकडे पाहिले. मानेवरचा घाम पुसला.

भीमराज तेवढ्या शब्दासाठी थांबला. मग चपला पायात सरकवून जवळा बाजारच्या रस्त्याला लागला. मागे कुणीतरी क्रशर चालू केला. त्याने वळून पाहिले नाही, पण कान तिकडेच होते, आणि भर रस्त्यात त्याला रडू येत होते.