पटकीच्या जंतूची नळी

"ही बघा, जंतूच्या बाहेरच्या पडद्यातली नळी," रिना फळ्यावर खडूनं रेघ ओढत म्हणाली. "जंतू विष आत तयार करतो आणि या स्रावमार्गानं बाहेर टाकतो."

एटापल्लीच्या दवाखान्यात बाकांवर आशाताई होत्या, टोल्यांवरून, आसपासच्या वस्त्यांवरून, आलेली म्हातारी माणसं होती. कुणीतरी मोठ्यांदा जांभई दिली. नागपुरात पटकीच्या जंतूवर चार वर्षं संशोधन करणाऱ्या पोरीनं तीच रेघ पुन्हा गिरवली. मागं भिंतीला टेकलेली तिची आई, वॉर्डातली मदतनीस मनकर्णा, मान उंचावून बघू लागली.

तेवढ्यात म्हाताऱ्यांमधला जंगू उठला. "बाई, हागवण लागली का आमी पाणी बंद करतो. पाणी देल्लं तं अजून वाहते."

सगळ्यांनी माना डोलावल्या. रिना गोंधळली. मग मनकर्णाच पुढं आली. बत्तीस वर्षं जुलाबाच्या खाटा धुतलेल्या त्या बाईनं भाषण असं कधी केलंच नव्हतं.

"रिना, तो जंतू आंगात घुसते का वं?"

"नाई आई. आतड्याले चिकटून रायते. विष तेवढं आत सोडते. मंग आतडंच आंगातलं पाणी बाहेर टाकते."

"अन् तुनं ती नळी बुजवली तं?"

"जंतू जित्ता रायते, विषबी बनवते. पण ते त्याच्या पोटातच अडकते. सारा जोर जाते त्याचा!"

मनकर्णा जंगूकडे वळली. "आयकलं ना भाऊ? वाहते ते आंगातलं पाणी. जेवढं गेलं तेवढं भरा लागते."

मग तेच तिनं त्यांच्या माडिया बोलीत सांगितलं, "येर, येर", म्हणजे पाणी, पाणी म्हणत, जंतू विष कसं थुंकतो ते गाल फुगवून दाखवत. सारे हसून लोटपोट झाले. रिना तर डोळे पुसू लागली.

"आई, पुढच्या टोल्यात तूच बोल. मी फळा धरतो."

"चाल, काईबाई!" म्हणताना मनकर्णा लाजून लाल झाली.

जंगू मात्र हसला नव्हता. "माही बायको मरताना दोन दिवस पाणी मांगत होती," तो हळूच म्हणाला.

मनकर्णानं जलसंजीवनीची पुडी फोडली, लिटरभर पाण्यात कालवली आणि त्यातला एक पेला भरून त्याच्या हातात दिला. त्यानं तो शेवटच्या थेंबापर्यंत संपवला.

"अजून पुड्या द्या. घरी नातवंडं हायेत."

दहा पुड्या त्यानं धोतराच्या सोग्यात बांधल्या आणि गाठ दोनदा ओढून पाहिली.