करंगळीची साक्ष

"काय म्हणते करंगळी, मामा?" वहीचं पान उलटत प्रयोगशाळेतल्या दीपेशनं विचारलं.

धाकलूनं टाकीत सोडलेली सुतळी ओढली. सुतळीच्या टोकाला वीतभर लांबीची सागाची पट्टी होती. आठवडाभर पाण्यात राहून ती काळीभोर झाली होती. त्यानं ती डाव्या हातात धरली आणि उजव्या हाताची करंगळी तिच्यावरून आधी खाली, मग वर फिरवली. दर सोमवारी सकाळी आठ वाजता गेली चौदा वर्षं तो हेच करत आला होता.

आज करंगळीला काही कळलं नाही. खाली लाकूड आहे की नुसती हवा, एवढंसुद्धा कळलं नाही.

"चांगली हाय," तो म्हणाला. "बुळबुळ नाय."

दीपेशनं तसं लिहून घेतलं आणि तो चहाला गेला. धाकलूनं पट्टी पुन्हा पाण्यात सोडली. सुतळीची गाठ मारताना त्याला हाताकडे बघत बघत ती मारावी लागली.

मुरबाडच्या एमआयडीसीत रंगांची रसायनं बनवणाऱ्या त्या कारखान्यात कूलिंग टॉवर म्हणजे धाकलूचं राज्य होतं. रसायनं शिजताना तापतात, त्यांच्याभोवती पाणी फिरवून त्यांना निववायचं. ते तापलेलं पाणी टॉवरवरून पावसासारखं खाली पाडायचं आणि निवलं की पुन्हा आत पाठवायचं. एवढं सोपं काम. पण कोमट पाणी, ऊन आणि वाऱ्यानं उडून आलेली धूळ एकत्र आली की तिथं जिवाणू संसार थाटतात. पाणी दिसायला नितळ, आणि पाइपाच्या आत मात्र चिकट थर धरत जातो. दीपेश बाटलीत पाणी घेऊन तपासायचा, पण बाटलीत पाणी येतं, पाइपाची भिंत येत नाही. भिंतीवर काय चाललंय ते पट्टी सांगायची, आणि पट्टीची भाषा फक्त धाकलूला यायची. सुरुवातीचा थर डोळ्यांना दिसत नाही. ब्लीचिंग कालवून आणि नटबोल्टांचे पाने फिरवून त्याच्या बाकीच्या बोटांना घट्टे पडले होते. डाव्या करंगळीचं अर्धं पेर फार पूर्वी पंख्याच्या पट्ट्यात गेलं होतं. राहिली ही उजवी. ती त्यानं बाईमाणसानं जपावी तशी मऊ जपली होती, आणि कामगार त्यावरून त्याची भरपूर थट्टा करत.

करंगळीनं "बुळबुळ" म्हटलं की त्या आठवड्यात जास्तीचं औषध पडायचं. "चांगली" म्हटलं की नेहमीचं. बाहेरून आलेल्या एका तपासनिसानं हे पाहून कपाळाला हात लावला होता. पण मग त्यानं स्वतःच्या यंत्रानं तपासलं, तर करंगळी बरोबर निघाली. तेव्हापासून मॅनेजर पाहुण्यांना टॉवर दाखवताना आधी धाकलूला दाखवत.

आणि आता श्रावणापासून ते बोट मेलं होतं.

आधी नुसत्या मुंग्या आल्या. मग एकदा बायकोनं, गुणाबाईनं, चुलीवरून उतरवलेली चहाची वाटी त्यानं दोन बोटांत धरली, आणि तीच ओरडली, "अवो, बोट भाजलं ना!" त्याला पत्ता नव्हता. करंगळीला टपोरा फोड आला. मनगटाच्या वर, जिथं सदऱ्याची बाही येते, तिथं रुपयाएवढा फिकट चट्टा होता. तसल्या चट्ट्याचं चित्र मुरबाडच्या एसटी स्टँडच्या भिंतीवर रंगवलेलं होतं. खाली मोठ्या अक्षरांत रोगाचं नावही होतं. चौदा वर्षं तो त्या भिंतीला टेकून टोकावड्याच्या गाडीची वाट बघत आला होता. आता तो पलीकडच्या टोकाला उभा राहू लागला.

औषध फुकट मिळतं, माणूस बरा होतो, हेही त्या भिंतीवर लिहिलेलं होतं. पण भिंतीला मुलगी नसते. धाकलूला होती. अनिताचा साखरपुडा ज्येष्ठात झाला होता. सापगावचं घर, भातशेतीचं, नीटनेटकं. मुलगा अनिल आसनगावला गिरणीत कामाला होता. माघात लग्न धरलं होतं. तोवर हे कुणाला कळू द्यायचं नाही, गुणाबाईलाही नाही, असं धाकलूनं ठरवलं. माघ उलटला की सरळ सरकारी दवाखाना गाठायचा. तोवर बाही खाली, आणि सोमवारी अंदाजानं बोलायचं. चौदा वर्षांचा अंदाज पाच-सहा महिने पुरेल, असं त्याला खरंच वाटलं.

दोन महिने पुरला.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी तीन नंबरच्या भांड्यातला माल तापत गेला तो थांबेचना. पाणी चालू होतं, पंप चालू होता, पण तो माल निववणाऱ्या कूलरच्या नळ्यांतून पाणी जात नव्हतं. अख्खी बॅच गटारात सोडावी लागली. कूलर उघडला तेव्हा नळ्यांतून करड्या रंगाचा चिकटा लोळ्यालोळ्यांनी बाहेर आला, जोतं सारवायच्या काल्यासारखा. धाकलू बघत उभा राहिला. त्यानं उजवा हात खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरच्या केबिनमध्ये चौकशी झाली. मॅनेजर, दीपेश, धाकलू आणि सुदाम.

सुदाम टोकावड्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीतल्या वाडीवर राहायचा. कंत्राटावर होता. त्याला कामाला लावलं ते धाकलूनंच. दुसऱ्या पाळीत टॉवरला औषध टाकायचं काम त्याचं. एक आठवडा निळ्या कॅनमधलं, एक आठवडा पांढऱ्यातलं. एकाच औषधाची जिवाणूंना सवय होते, म्हणून आलटून पालटून. हे धाकलूनंच त्याला शिकवलं होतं, आणि सुदाम ते देवाला फूल वाहावं तितक्या नेमानं करायचा.

"गेल्या सोमवारपर्यंत पट्टी स्वच्छ आहे," मॅनेजर वही बघत म्हणाले. "धाकलूची करंगळी आजवर चुकलेली नाही. म्हणजे जे झालं ते या आठवड्यात. औषध पडलंच नाही. सुदाम, कुठं ओतलंस? की विकलंस?"

"टाकला सायेब," सुदाम म्हणाला. "रोज टाकला."

एवढा थर एका आठवड्यात धरत नाही. त्याला दीड-दोन महिने लागतात. धाकलूला ते ठाऊक होतं. दीपेशलाही ठाऊक असावं, कारण तो टेबलाखाली आपल्या बुटांकडे बघत होता. धाकलूनं तोंड उघडलं, आणि त्याच्या डोळ्यांसमोर सापगावचं अंगण आलं. त्यानं तोंड मिटलं.

सुदामला त्याच दिवशी गेटबाहेर काढलं.

चार दिवस धाकलू कामावर गेला आणि आला. जेवण उतरेना. गुणाबाईनं दृष्ट काढली, ओवा दिला. पाचव्या दिवशी, रविवारी, सुदाम आणि त्याची बायको ठमी दारात आले. ठमीनं करटुल्यांच्या वेलाखालून खणून आणलेले कंद ओट्यावर ठेवले. रिकाम्या हातानं कसं यायचं, म्हणून.

"मामा, मी भांडाया नाय आलो," सुदाम उकिडवा बसत म्हणाला. "मना येक सांगा. मी दवा टाकला. तुमचा बोट खोटा बोलत नाय. मंग पाणी खोटा बोलला का? चार दीस झाले, मना झोप नाय. मीच कवा इसरलो का काय, असा वाटतंय."

धाकलूला शिव्या चालल्या असत्या. हा माणूस स्वतःवरच संशय घ्यायला लागला होता, ते त्याला सोसवेना.

"तू नाय इसरलास," तो म्हणाला.

"तुमी सांगताव म्हंजे खरा," सुदाम म्हणाला, आणि एवढ्यावर उठला. नोकरीचा शब्दही त्यानं काढला नाही.

ते पायवाटेला लागले तेव्हा अनिता ओट्यावर आली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"बा, त्याचा काय चुकला?"

"काय नाय चुकला."

"मंग तुमी सांगत का नाय सायबाला?"

धाकलूनं बाही वर केली आणि हात तिच्यापुढे धरला.  अनितानं चट्टा पाहिला, करंगळीवरचा भाजल्याचा डाग पाहिला. तीही एसटी स्टँडवर उभी राहिलेली होती.  मग तिनं बाही खाली ओढून गुंडी लावली.

"सांगा जाऊन," ती म्हणाली. "माझा बघू नका."

सोमवारी तो पट्टीकडे गेलाच नाही. थेट केबिनमध्ये गेला. दीपेश तिथंच होता. टेबलावर मॅनेजरसाठी आत्ताच आणलेला चहा होता, वाफा निघत होत्या.

"सायेब, सुदामनं दवा टाकली व्हती. खोटा मी बोललो. दोन महिनं माज्या बोटाला काय कळत नाय."

"कळत नाही म्हणजे?" मॅनेजर हसले. "धाकलू, त्याला वाचवायला काहीतरी सांगू नकोस."

धाकलूनं उजवी करंगळी त्या चहात बुडवली आणि तशीच ठेवली. मॅनेजरकडे बघत राहिला. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. दीपेश धावत आला आणि त्यानं त्याचा हात ओढून काढला. बोट लालबुंद झालं होतं.



सुदाम दोन दिवसांत कामावर आला. कारखान्याच्या डॉक्टरांनी धाकलूच्या कोपराजवळची सुजलेली शीर चाचपली, कापूस फिरवून पाहिला आणि चिठ्ठी दिली. सरकारी दवाखान्यातून गोळ्यांची पाकिटं मिळाली. वर्षभर घ्यायच्या. गोळ्या सुरू झाल्या की कुणाला लागण होत नाही, खुशाल कामावर या, असं डॉक्टरांनी मॅनेजरसमोर स्पष्ट सांगितलं. मॅनेजरनं मान डोलावली आणि धाकलूला म्हटलं, तू आता घरी आराम कर. कँटीनमधला त्याचा पेला कुणीतरी आधीच बाहेर नळाजवळ नेऊन ठेवला होता. चौदा वर्षं पाहुण्यांना दाखवलेला माणूस मागच्या गेटनं बाहेर पडला.

सापगावला बातमी पोचायला आठ दिवस लागले. अनिलचा चुलता धाऊ आला, तो ओट्यावर न बसता अंगणातच उभा राहिला.

"पोरगा आयकत नाय. लगीन करीन तं हिच्याशीच, असा बोलतो. आमी मोडत नाय." त्यानं टोपी काढून पुन्हा घातली. "पन आमची मानसं हायत, पावनं हायत. बापानं मांडवात यायचा नाय. कन्यादान पोरीच्या मामाला करू द्या."

आत अनिता उठत होती. धाकलूला बांगड्या वाजलेल्या ऐकू आल्या. ती बाहेर आली तर लग्नच नको म्हणेल, हे त्याला कळलं, म्हणून त्यानं घाई केली.

"चालंल," तो म्हणाला. "मी नाय येत."

माघातल्या त्या सकाळी थंडी मी म्हणत होती. मांडवात बायकांनी हळद कालवली, पण ती गारठून अशी घट्ट झाली होती की गुणाबाईनं वाटी निखाऱ्यांवर धरून चांगली ऊन करून दिली. धवलारीण लग्नाची गाणी गात होती. धाकलू घराच्या मागं, गोठ्याच्या भिंतीला टेकून बसला होता. नवा सदरा घातलेला, बाही मनगटापर्यंत. गाणं त्याला तिथून सगळं ऐकू येत होतं.

पाठीमागं पावलं वाजली. अनिता होती. तोंड, हात, पाय पिवळे, केसांना तेल. हातात हळदीची वाटी. ती बायकांतून उठून कशी आली कुणास ठाऊक.

"जा गो," तो म्हणाला. "बघतील."

"बघूदे."

ती त्याच्या समोर बसली. त्याचा उजवा हात तिनं मांडीवर घेतला. धाकलूनं तोंड फिरवलं आणि आंब्याच्या झाडाकडे बघत राहिला, कारण तिच्याकडे बघितलं असतं तर त्याला रडू आवरलं नसतं. तिनं वाटीतली हळद घेतली आणि त्याच्या करंगळीला मुळापासून टोकापर्यंत लावली, सावकाश, आधी खाली, मग वर.

"बा, लागली का?"

"लागली ना," तो आंब्याकडे बघत म्हणाला. "मस गार हाय."

अनिताच्या हातात वाटी अजून चटकत होती. तिनं ती खाली ठेवली.

"हा बा," ती म्हणाली. "गारच हाय."

मांडवातून तिच्या नावानं हाक आली. तिनं पदराच्या टोकानं डोळे पुसले, वाटी उचलली आणि ती गेली. धाकलूनं हात मांडीवर तसाच उताणा ठेवला होता. हळद वाळेपर्यंत त्यानं तो हलवला नाही.