खालची वाट

दादाने टायर रिमवर चढवला, दोन्ही अंगठ्यांनी शेवटची कड आत दाबली, चाक भिंतीला टेकवले आणि तो पंप शोधू लागला. पंप त्याच्या पायाशीच होता. धाकट्याने तो उचलून त्याच्या हातात दिला आणि पुन्हा नकाशावर वाकला.

सायकलींच्या दुकानाचे शटर अर्धे ओढले होते. बाकावरची हत्यारे बाजूला सारून धाकट्याने गाड्यांचे वेळापत्रक आणि डोंगराचा नकाशा शेजारी शेजारी पसरले होते. थंडी सरत आली की दोघे भाऊ वर्षातून एक दिवस काढत. जाड टायरच्या सायकली गाडीच्या शेवटच्या डब्यात घालायच्या, डोंगराखालच्या स्टेशनवर उतरायचे, दिवसभर दगडधोंड्यांतून हिंडायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायचे. बेत धाकट्याने आखायचा आणि सायकली दादाने तयार करायच्या, ही वाटणी पहिल्यापासूनची. धाकटा ग्रंथालयात कारकून होता. दादा त्याला पंडित म्हणे.

"हं, पंडित. उद्या कुठली वाट?"

"वरची."

पंपाचा दांडा मध्येच थांबला.

वरची वाट शिखराच्या खांद्यावरून थेट खाली उतरत होती, सगळी सुट्या दगडांची. दादा दरवर्षी तिचाच आग्रह धरी आणि धाकटा दरवर्षी काहीतरी कारण काढी. मग तळ्याकाठची खालची वाट ठरे. परतीच्या गाडीत शेजारी जो कुणी बसेल त्याला दादा सांगे, "आमच्या आईनं एकच काळीज दोघांत वाटलं. पण मी थोरला ना, आधी ताट मांडून बसलो." लोक हसत. धाकटाही हसे, आणि मग खिडकीबाहेर बघत राही. या हिवाळ्यात मात्र, कुणाला न सांगता, तो ग्रंथालयामागच्या मुरमाड उतारावर सराव करत होता. पडला होता, कोपरे सोलून घेतली होती, आणि लांब बाह्यांचे सदरे घालून कामावर गेला होता.

"वरची?" दादा म्हणाला. "अरे, तिथे पायऱ्यांसारखे दगड आहेत."

"माहीत आहे."

"मध्ये पाण्यानं मोठी घळ पाडलीय म्हणतात."

"तीही बघितली नकाशात. आणि त्या बाजूनं उतरलं की आपण पुढच्या स्टेशनावर निघतो. संध्याकाळची गाडी तिथेही थांबते."

"नकाशात पडून कुणाचं डोकं फुटत नाही, पंडित."

धाकट्याचे कान तापले. पेन्सिलीने त्याने वरच्या वाटेवरून एक रेघ ओढली, गरजेपेक्षा जरा ठळकच.

"घाबरला असशील तर सांग," दादा म्हणाला. "आत्ताच सांग. वर जाऊन हातपाय गाळलेस तर तुला खाली कोण आणणार?"

"नाही घाबरलो."

"जरासुद्धा?"

"नाही म्हटलं ना, दादा."

एरवी अशा चेष्टेच्या शेवटी दादाचे मोठे हसू येई. आज ते आले नाही. तो खाली वाकला आणि हवा भरू लागला.

दुकानामागच्या घरातून वहिनी चहा घेऊन आली.

"ठरलं का? की अजून तुमचं घोडं पेंड खातंय?"

"ठरलं, वहिनी. या वेळी वरची वाट."

"तुम्ही म्हणालात, भावजी?"

"मीच."

तिने आधी त्याच्याकडे पाहिले, मग दादाकडे. "बरं," एवढेच म्हणाली. धाकट्याचा कप तिने बाकावर ठेवला. दादाचा मात्र त्याच्या हातात दिला आणि त्याची बोटे कपाभोवती नीट मिटेपर्यंत सोडला नाही. दादाचे हात तेलकट असतील म्हणून, असे धाकट्याला वाटले. ती आत गेली.

"तुझंच चाक आहे ते," दादा म्हणाला. "दाबून बघ. हवा पुरे ना?"

धाकट्याने चाक उचलून दिव्याखाली धरले, टायर दाबला. हवा पुरेशी होती. मग त्याची नजर टायरच्या कडेवरच्या बाणावर गेली. काळ्यावर काळाच, नखाएवढा बाण. चाक कुठल्या दिशेने फिरायला हवे ते सांगणारा. सपाट रस्त्यावर टायर उलटा असला तरी फारसे बिघडत नाही. सुट्या दगडांच्या उतारावर त्याची पकड जाते. दादा प्रत्येक टायर चढवण्याआधी दिव्यासमोर धरून तो बाण गिऱ्हाइकाला दाखवी. "बाण उलटा तर माणूस उलटा," हे त्याचे ठरलेले वाक्य. दुसरीकडून टायर बसवून आलेल्या एका माणसाला त्याने भररस्त्यात हाका मारून परत बोलावले होते.

धाकट्याने ब्रेकची चकती डाव्या हाताला घेऊन, सायकलला बसते तसे, चाक पुन्हा धरले. वर आलेला बाण मागेच तोंड करून होता; टायर उलटा बसला होता.

चूक दाखवायला तो वळला. दादाला रिकामा कप ठेवायचा होता. डाव्या हाताच्या बोटांनी तो बाकाची कड चाचपत होता. कड सापडली तेव्हा त्याने तिच्या आत, हळूच, कप टेकवला.

धाकटा तसाच उभा राहिला. पायाशी असून शोधावा लागलेला पंप. हातात दिलेला कप. घाबरला असशील तर सांग, असे म्हणून थांबलेला दादा; टोमणा मारून कुणी असे उत्तराची वाट बघत थांबत नाही.

त्याने चाक खाली ठेवले. नकाशावर ती ठळक रेघ होती. तिच्यावरून त्याने एकदा बोट फिरवले.

"दादा."

"काय?"

"ती घळ... खोल असेल का रे फार?"

"तूच बघितलीस ना नकाशात?"

"बघितली. म्हणूनच म्हणतो." त्याने घसा साफ केला. "नको वरची. माझ्याच्यानं नाही व्हायचं ते. तळ्याकाठानंच जाऊ."

 दादा असा हसला की दुकानातल्या टांगलेल्या चाकांना ऐकू जावे.

"अगं, ऐकलंस का? पंडितांचं अवसान गळालं!"

 आत भांड्यांचा आवाज तेवढा थांबला.

"मला वाटलंच होतं. सशाचं काळीज!" दादाने बाहीने डोळे पुसले. "उद्या गाडीत सगळ्या डब्याला सांगणार मी."

"सांग ना," धाकटा म्हणाला. "हे चाक मी घरी नेतो. नाहीतरी डब्यात चढवताना काढावंच लागतं."

"ने."

दादा पंपाची नळी गुंडाळू लागला. गुंडाळून झाली तरी तो ती पुन्हा सोडून पुन्हा गुंडाळत राहिला. धाकट्याने नकाशाची घडी घातली, चाक खांद्याला लावले आणि शटरखालून जायला वाकला.

"ए," मागून दादा म्हणाला. "उद्या पुढे तू राहा."

धाकटा वाकलेलाच थांबला. आजवर पुढे नेहमी दादा असे.

"मी फार हळू जातो, दादा."

"मग जा ना हळू. मागे काय वाघ लागलाय?"